अडगळीतून मदतनिधी: पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

पहिल्या वेळी आम्ही लोकांना एवढंच सांगितलं होतं: "घरात नको असलेलं जे काही असेल ते आणून द्या." लोकांनी मनापासून आणून दिलं. दुपारपर्यंत खोली भरली, संध्याकाळी व्हरांडा भरला. त्यात रद्दी होती, पितळेची जुनी भांडी होती. पण कापूस बाहेर आलेल्या गाद्या, फुटकी बेसिनं, मुदत संपलेली औषधं आणि तीन पायांचा एक पलंगही होता. विकण्याजोगं होतं ते दोन तासांत गेलं. उरलेलं हलवायला टेम्पो करावा लागला. ज्या दवाखान्यासाठी पैसे जमवत होतो, त्या पैशांतला मोठा वाटा टेम्पोच्या भाड्यात गेला. संस्थेच्या हातात रक्कम देताना मान वर करवत नव्हती.

त्यानंतर बऱ्याच फेऱ्या केल्या. बारीकसारीक खूप शिकायला मिळालं, पण सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: वस्तू शेवटी कुणाकडे जाणार हे ठरल्याशिवाय ती मागायची नाही. म्हणून हा लेखही शेवटाकडून सुरू होतो. आधी पैसे कुणाला द्यायचे, मग माल कोण घेणार, आणि त्यानंतरच लोकांकडे काय मागायचं.

ही कल्पना नवी नाही. १९०२ साली बोस्टनमध्ये एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने सधन वस्त्यांमधून गोणपाटाच्या पोत्यांत जुने कपडे आणि घरसामान गोळा करायला सुरुवात केली. गरजू लोकांनाच मजुरी देऊन त्यांच्याकडून तो वस्तू दुरुस्त करून घेई आणि मग विके. त्यातूनच पुढे गुडविल ही मोठी संस्था उभी राहिली. हेल्म्स फक्त गोळा करून थांबला नाही, वस्तू विकण्याजोगी करण्यावर त्याने कष्ट घेतले. आजही कमाई तिथेच आहे.

आधी संस्था, मग वस्तू

कुणासाठी पैसे जमवायचे ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. "समाजकार्यासाठी" असं म्हटलं की लोक मान डोलावतात आणि विसरून जातात. "शाळेच्या वाचनालयाला कपाटं घ्यायची आहेत" असं म्हटलं की माळ्यावरची पुस्तकं खाली उतरतात.

संस्था ठरली की त्यांच्या जबाबदार माणसाला प्रत्यक्ष भेटा. त्यांच्या नावाने मोहीम करायला लेखी संमती घ्या, संस्था नोंदणीकृत आहे ना ते पाहा, आणि पैसे थेट संस्थेच्या खात्यात कसे जमा होतील ते विचारून ठेवा. सार्वजनिक ठिकाणी वर्गणी किंवा वस्तू गोळा करायला काही ठिकाणी परवानगी लागते. स्थानिक प्रशासनाकडे एकदा चौकशी केली की मनाला घोर राहत नाही. आणखी एक प्रश्न जरूर विचारा: त्यांना पैसेच हवेत की काही वस्तूही चालतील? एका निवाऱ्यासाठी आम्ही चादरी विकून पैसे जमवत होतो आणि त्याच आठवड्यात ते लोक चादरी विकत घेत होते. विचारलं असतं तर दोघांचाही वेळ वाचला असता.

खरेदीदार शोधा, मगच यादी करा

पहिल्यांदाच करणारे जवळजवळ सगळे इथेच घाई करतात. पोस्टर तयार होतं, खोकी मांडली जातात, आणि माल साचल्यावर "आता हे कोण घेईल?" अशी शोधाशोध सुरू होते. तोपर्यंत जागा अडलेली असते, पावसाची भीती असते, आणि जो येईल त्याला मिळेल त्या भावात द्यावं लागतं.

त्याऐवजी किमान तीन रद्दी-भंगार घेणाऱ्यांशी आधी बोला. कुठला माल घेतात आणि कुठला अजिबात घेत नाहीत? स्वतः येऊन नेतात का, आणि त्यासाठी कमीत कमी किती वजन लागतं? कागद, पुठ्ठा, लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं, पितळ यांचे वेगवेगळे भाव काय आहेत? भाव वरखाली होतात, त्यामुळे सांगितलेला भाव किती दिवस धरायचा तेही विचारा. पैसे रोख देणार की संस्थेच्या खात्यात? चांगला व्यापारी या प्रश्नांनी वैतागत नाही, उलट त्याला बरं वाटतं. कुठला माल कसा बांधून ठेवला तर जास्त भाव मिळेल ते तो स्वतःहून सांगतो, आणि हे ज्ञान दुसरीकडे कुठे मिळत नाही.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. तुमच्या भागात रोज फिरून भंगार गोळा करणारी माणसं असतील. त्यांचं घर त्याच रद्दीवर आणि डब्यांवर चालतं. मदतकार्याच्या नावाखाली आपण तेच उचललं तर एका गरजूसाठी दुसऱ्या गरजूच्या पोटावर पाय दिल्यासारखं होतं. म्हणून त्यांना बाहेर ठेवू नका, त्यांनाच सामील करून घ्या. त्यांच्याकडून ठरलेल्या मजुरीवर निवड करून घ्या, किंवा माल त्यांच्यामार्फत विका. कुठला धातू कुठला हे ते हातात घेताक्षणी ओळखतात. आणि जे रोज त्यांच्याकडे जातंच ते मागण्यापेक्षा वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेलं मागा: जुने फोन, मोडकी भांडी, वायरी, चष्मे.

आता बेरीज करून पाहा. समजा ५० घरं आहेत आणि प्रत्येकाकडून सरासरी ६ किलो माल मिळेल असं धरलं, तर ३०० किलो होतो. त्याला मिळालेल्या भावाने गुणा, वाहतूक आणि मजुरी वजा करा. उरलेला आकडा तुमच्या उद्दिष्टाच्या जवळपासही नसेल तर घरं वाढवा किंवा यादी बदला. हे गणित पोस्टर लावण्याआधी व्हायला हवं.

काय मागावं

पहिल्या फेरीला चार-पाच प्रकारच ठेवा. मी कुठले निवडेन आणि का, ते सांगते.

धातू सगळ्यात वर. वजनाला जड, भावाला चांगला, सडत नाही, भिजला तरी वाया जात नाही. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला लागणारी ऊर्जा ही खनिजापासून नवं ॲल्युमिनियम बनवण्यापेक्षा सुमारे ९५ टक्क्यांनी कमी असते, म्हणून त्याला गिऱ्हाईक कायम असतं. पेयांच्या डब्यांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: डब्याची वरची कडी तेवढी मौल्यवान, म्हणून कड्या तोडून बाटलीत साठवायच्या. रिकामा डबा साधारण १४ ग्रॅमचा असतो, म्हणजे ७०-७५ डब्यांत एक किलो होतो. कडी जेमतेम पाव-अर्धा ग्रॅमची, एक किलोला दोन-चार हजार कड्या लागतात. कडीसकट अख्खा डबा घ्या. जी संस्था मुद्दाम फक्त कड्याच मागते तिच्यासाठी कड्या द्या, एरवी तोडू नका.

कागद आणि पुठ्ठा यांचं वजन भरपूर मिळतं, पण जागाही तेवढीच लागते. कागदाचा धागा साधारण पाच ते सात वेळा पुन्हा वापरता येतो, दर वेळी तो आखूड होत जातो. म्हणून लांब धाग्याच्या स्वच्छ पांढऱ्या कागदाला वर्तमानपत्रापेक्षा जास्त भाव मिळतो. वह्यांचे कोरे-लिहिलेले कागद, छापील पत्रकं, वर्तमानपत्रं आणि पुठ्ठा हे चार गठ्ठे पहिल्यापासून वेगळे ठेवा. तेलकट खोकी, मेणकागद आणि दुकानात मिळणाऱ्या गुळगुळीत पावत्या यांत मिसळू नका. त्या पावत्यांवर रसायनाचा थर असतो.

फोन आणि लॅपटॉप. २०२२ साली जगभरात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला, आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रीकरणाला गेल्याची नोंद आहे. बाकीचा कुठे आहे? बराचसा आपल्या खणांमध्येच आहे. तोक्यो ऑलिंपिकची पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून घडवली हे अनेकांना माहीत असेल. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात ७८,९८५ टन छोटी उपकरणं जमली, त्यांत ६२ लाखांवर मोबाइल फोन होते. त्या डोंगरातून ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य निघालं, आणि सुमारे ५,००० पदकं झाली. ही गोष्ट सभेत सांगायला फार छान आहे, लोक घरी जाऊन खण उघडतात. पण आकडे नीट पाहा: ७९ हजार टनांतून ३२ किलो. एका फोनमधलं सोनं कणभर असतं आणि ते काढायला मोठा कारखाना लागतो. घरी ॲसिडमध्ये सर्किट बुडवून सोनं काढण्याचे व्हिडिओ बघून कुणी उत्साहात आला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. तो धूर फुप्फुसं जाळतो.

फोनची किंमत त्याच्या चालू असण्यात आहे. चालू फोन फोन म्हणूनच विका. पडदा फुटलेला असेल तर दुरुस्ती करणाऱ्याला सुट्या भागांसाठी द्या. पूर्ण बंद पडलेलेच अधिकृत ई-कचरा संकलकाकडे वजनावर द्या. एकच पेटी तीन वाटांनी गेली तर सरसकट वजनावर देण्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे हाती येतात.

फोन देणाऱ्याच्या हातात एक चिठ्ठी जरूर द्या: हवे ते फोटो काढून घ्या, फोनवरच्या सगळ्या खात्यांतून बाहेर पडा, मग फॅक्टरी रीसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढा. खात्यातून बाहेर न पडता रीसेट केलेला फोन पुढच्या माणसाकडे जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसतो, आणि चांगला फोन केवळ त्यापायी भंगारात जातो.

चष्मे वजनाला काहीच नाहीत, पैसेही मिळत नाहीत, तरी मी ते यादीत ठेवते. १९२५ साली हेलन केलर यांनी लायन्स क्लबच्या अधिवेशनात दृष्टिहीनांसाठी काम करण्याचं आवाहन केलं, आणि तेव्हापासून दृष्टी हे त्या संघटनेचं मोठं कार्यक्षेत्र राहिलं. त्यांचे अनेक क्लब जुने चष्मे स्वीकारतात. तिथे चष्मे धुऊन, काचांचा नंबर मोजून गरजूंना दिले जातात. गेलेल्या आईवडिलांचा चष्मा फेकवत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं तो जपून ठेवतात. तो कुणाच्या तरी डोळ्यांवर जाणार म्हटल्यावर आनंदाने देतात, आणि येताना दोन फोनही घेऊन येतात.

वापरलेली टपाल तिकिटं तशीच. जागा जवळजवळ लागत नाही, म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना बसल्या जागी करता येणारं काम मिळतं. संग्राहक ती वजनावर घेतात. पाकिटावरून तिकीट सोलायचं नाही. चहूबाजूंनी अर्धा ते एक सेंटीमीटर कागद ठेवून कापायचं. दाते तुटले की तिकिटाची किंमत गेली. प्रिंटरची रिकामी काडतुसं काही कंपन्या आणि पुनर्भरण करणारे विकत घेतात, पण मॉडेल बघून. यादी आधी मिळवा.

कपड्यांबाबत जपून. धुतलेले, वाळलेले, अंगात घालण्यासारखे कपडे जरूर घ्या, ते विक्रीच्या टेबलावर चांगले जातात. विटके सुती कपडे चिंध्या म्हणून कारखान्यांना पुसायला लागतात, पण भाव अगदी कमी. दमट कपड्यांचं एक गाठोडं आलं तर दोन दिवसांत शेजारच्या चार गाठोड्यांना वास लागतो. चपला-बूट जोडीने बांधूनच घ्या. एकेक बूट वेगळा झाला की जोडी जुळवण्यात दिवस जातो, ही चूक मी दोनदा केली आहे.

पुस्तकं दोन हातांनी उचलता येतील एवढ्याच खोक्यांत. आधी पुस्तक म्हणून विक्रीला ठेवा, उरतील ती शाळा-वाचनालयांना विचारा, रद्दी सगळ्यात शेवटी.

प्लास्टिक पहिल्या फेरीत मी घेणार नाही. फार जागा खातं, वजन भरत नाही. घ्यायचंच असेल तर तळाशी त्रिकोणात १ किंवा २ आकडा असलेल्या बाटल्या आणि डबे घ्या, त्यांना सहसा गिऱ्हाईक मिळतं. तो आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो. त्यावरून ते हमखास पुनर्चक्रीत होतं असं मात्र नाही. काच कितीही वेळा वितळवून वापरता येते, पण जड, कमी भावाची आणि हात कापणारी असते. बाटल्या परत घेणारा कुणी असेल तरच काच घ्या.

काय अजिबात घ्यायचं नाही

ही यादी मोठ्या अक्षरांत लावा. नम्रपणे, पण ठामपणे. दारात आलेल्या माणसाला "नाही" म्हणणं जड जातं, म्हणून ते काम फलकाला करू द्या.

गाद्या, उशा, थर्माकोल. औषधं, सुया, रंगाचे डबे, कीटकनाशकं, गॅसच्या टाक्या. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिवे, कारण त्यांत पारा असतो. जुने डबा-टीव्ही, कारण त्यांच्या काचेत शिसं असतं. गाडीच्या बॅटऱ्या, कारण त्यांत शिसं आणि आम्ल दोन्ही असतं आणि त्या अधिकृत केंद्रावरच जायला हव्यात. फ्रिज आणि एसी, कारण त्यांतला वायू शिकलेल्या माणसानेच काढायचा असतो.

सुट्या लिथियम बॅटऱ्याही नकोत. फोनबरोबर आलेली फुगलेली बॅटरी मात्र तुम्हाला चुकवता येणार नाही, कधीतरी ती येणारच. ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावून बघू नका. पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा, डबा कागद-कपड्यांपासून लांब, शक्यतो उघड्यावर पण ऊन-पाऊस लागणार नाही अशा जागी, आणि त्याच दिवशी ई-कचरा संकलकाला कळवा. सुट्या निघालेल्या बाकी बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा. रद्दीच्या ढिगाशेजारी एक ठिणगी पडली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

निरोप कसा लिहायचा

छोटा लिहा. कशासाठी, काय हवं, काय नको, कुठे, कधी ते कधी, आणि शंका आली तर कुणाला विचारायचं. नमुना देते:

"शाळेच्या वाचनालयाला कपाटं घेण्यासाठी आम्ही घरातल्या जुन्या वस्तू गोळा करत आहोत. धातूची मोडकी भांडी, वायरी, जुने मोबाइल, चष्मे, वाचण्याजोगी पुस्तकं आणि कोरडी रद्दी द्या. गाद्या, काच, दिवे, औषधं आणि टीव्ही घेता येणार नाहीत, राग मानू नका. शनिवार-रविवार सकाळी ९ ते १२. चालता येत नसेल तर कळवा, आम्ही घरी येऊ."

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. सगळ्यात जास्त साठवण म्हाताऱ्या माणसांच्या घरात असते, आणि ती खाली आणायला त्यांच्याकडे हात नसतात. त्यांच्याकडे मात्र दोघांनी मिळून जा, आधी फोन करून जा, आणि ते म्हणतील तेवढंच उचला. एकदा एका आजोबांनी नेण्यासाठी काढून ठेवलेलं पितळी घंगाळ त्यांनी दोनदा परत आत नेलं. आम्ही ते तिथेच ठेवून आलो.

मोहीम दोन आठवड्यांच्या आत संपवा. "कधीही आणून द्या" म्हटलं की कुणीच आणत नाही, आणि आणलं तर तुम्ही घरी नसताना दारात ठेवून जातात.

गोळा करण्याचा दिवस

जागा कोरडी, छप्पर असलेली, गाडी दारापर्यंत येईल अशी. प्रत्येक प्रकाराची जागा आधी आखून त्यावर पाटी लावा. दारावरच निवड करणारा एक पक्का माणूस बसवा. पिशवी त्याच्यासमोर रिकामी झाली पाहिजे. पिशव्या बंदच आत गेल्या तर रात्री सगळा ढीग उपसावा लागतो. वजन लिहिणारा दुसरा, उचलणारे दोन-तीन. जाड हातमोजे, बंद बूट, प्रथमोपचाराची पेटी, प्यायचं पाणी. रद्दीचे गठ्ठे कमरेपेक्षा उंच रचू नका. मुलांना फोन आणि बॅटऱ्यांच्या टेबलापासून लांब ठेवा, तिकिटं आणि पुस्तकं त्यांच्याकडे द्या.

आणि खिसे तपासा. पुस्तकं पालथी करून झटका. नोटा, जुने फोटो, पत्रं, एकदा तर साडीच्या घडीत कानातली कुडी सापडली. पिशवीवर नाव लिहिलेलं असेल तर ती वस्तू परत पोहोचवता येते, म्हणून प्रत्येक पिशवीवर नाव लिहायची सवय लावा. एखादी वस्तू अनपेक्षितपणे मौल्यवान वाटली, जुनं नाणं, जुनी घड्याळं, दुर्मीळ पुस्तक, तर ती बाजूला काढा आणि विकण्याआधी देणाऱ्याला विचारा. देऊन टाकलं म्हणजे आता आमचं, असा हिशेब इथे करायचा नाही. बँकेची कागदपत्रं आणि ओळखपत्रांच्या प्रती निघाल्या तर फाडून बारीक तुकडे करा आणि मगच कागदात टाका.

निवड

मिसळलेल्या भंगाराला त्यातल्या सगळ्यात स्वस्त मालाचा भाव लागतो. पितळेच्या नळाला लोखंडी नट अडकलेला असेल तर व्यापारी तो लोखंडाच्या भावात मागेल. तो नट काढायला दोन मिनिटं लागतात. आमची कमाई अशाच दोन-दोन मिनिटांत वाढली आहे.

एक चुंबक सगळ्यांत उपयोगी. चिकटला तर लोखंड किंवा पोलाद. नाही चिकटला तर पुढे बघा: हलकं आणि पांढुरकं असेल तर ॲल्युमिनियम, लालसर असेल तर तांबं, पिवळं असेल तर पितळ. वरून पिवळं दिसतं पण चुंबक चिकटतो, म्हणजे लोखंडावर मुलामा आहे. कोपऱ्यात कानसने किंचित घासलं की आतला रंग दिसतो. स्टेनलेस स्टीलच्या बऱ्याच भांड्यांना चुंबक चिकटत नाही, काहींना चिकटतो. त्यामुळे स्टीलचा ढीग डोळ्यांनी ओळखून वेगळा करा.

वायरीतल्या तांब्याला भाव चांगला, पण वरचं प्लास्टिक जाळून तांबं काढू नका. कुणालाही काढू देऊ नका. त्या आवरणात बहुधा पीव्हीसी असतं आणि ते जळताना डायॉक्सिनसारखी अतिशय विषारी द्रव्यं हवेत जातात. जाड वायर सुरीने सोलता येते, हात जपून. बारीक वायर सोलण्यात जेवढा वेळ जातो तेवढे पैसे सुटत नाहीत, ती आवरणासकट विका. कढयांच्या लाकडी-प्लास्टिकच्या मुठी काढा, कुकरची रबरी रिंग काढा, डबे चेपून गोणीत भरा, पुठ्ठ्याची खोकी उलगडून सपाट करा.

काट्यावर

विक्रीच्या वेळी तुमच्याकडून दोन माणसं हवीतच. एकट्याने कधी करू नका. नंतर कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायला दुसरा साक्षीदार असतो. घरचा साधा हुककाटा जवळ ठेवा आणि माल देण्याआधी प्रत्येक गोणीचं वजन करून तिच्यावर खडूने लिहा. व्यापाऱ्याच्या काट्यावर आकडा वेगळा आला तर गाडीत चढवण्याआधीच शांतपणे विचारा. आमच्या एका गोणीत सहा किलोंची तफावत आली होती. वजन लिहिलेलं होतं म्हणून वाद न होता ती दुरुस्त झाली. काटा शून्यावर आहे ना ते आधी बघा.

प्रत्येक प्रकाराचं वजन, भाव आणि रक्कम वेगळी लिहिलेली पावती घ्या. ई-कचऱ्यासाठी संकलकाकडून माल मिळाल्याचा लेखी पुरावा घ्या. फोन देणाऱ्या लोकांना तो दाखवता आला पाहिजे.

हिशेब

पैसे संस्थेच्या खात्यात त्याच दिवशी, उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी. हातात राहिलेल्या रोख रकमेला पाय फुटतात असं नाही, पण शंकेला फुटतात.

आठवड्याच्या आत एक पानाचा हिशेब सगळ्यांना पाठवा: कागद इतके किलो, लोखंड इतके, पितळ इतकं, फोन इतके, जमा इतके, खर्च इतका, संस्थेला पोहोचले इतके. खर्च लपवू नका. टेम्पोचं भाडं आणि निवड करणाऱ्यांची मजुरी स्पष्ट लिहा. त्या पहिल्या फेरीनंतर आम्ही टेम्पोचा आकडा जसाच्या तसा कळवला होता. मला वाटलं पुढच्या वेळी कुणी दारात उभं करणार नाही. उलट तीन जणांनी फोन करून स्वतःची गाडी देऊ केली.

काही ना काही उरेलच. न विकलेल्या पुस्तकांसाठी, कुणी न नेलेल्या कपड्यांसाठी शेवटचा दिवस ठरवा आणि त्यासाठीची रक्कम व माणूस आधीच राखून ठेवा. उरलेल्याची वेगळी यादी करा: काय आलं, किती आलं, कुणी घेतलं नाही. पुढच्या फेरीचा फलक लिहायला बसाल तेव्हा "काय घेणार नाही" याच्याखाली आधी ती यादी उतरवून घ्या.